फूट-इंचापासून ब्रास आणि टनापर्यंत : बांधकामाच्या मापांचा हिशेब कसा करावा

ट्रॅक्टरची एक ट्रॉली वाळू घेऊन दारात उभी आहे. आतून मोजली तर लांबी ९ फूट ६ इंच, रुंदी ५ फूट ९ इंच, वाळूची उंची १ फूट १० इंच. वाळू किती?

एकाने कॅल्क्युलेटरवर ९.६ × ५.९ × १.१० केलं. उत्तर आलं ६२ घनफूट, आणि त्याने ट्रॉलीवाल्याशी भांडण काढलं. दुसऱ्याने सगळं इंचात घेऊन ११४ × ६९ × २२ केलं, ते बरोबर होतं. पण उत्तराला त्याने १४४ ने भागलं आणि १२०१ घनफूट, म्हणजे बारा ब्रास, असं सांगितलं. खरं उत्तर १०० घनफूट आहे, म्हणजे बरोबर एक ब्रास. वाळूवाल्याने पूर्ण माल दिला होता.

घर बांधायला काढलेल्या माणसांचे असे हिशेब मला रोज दिसतात. गुणाकार सगळ्यांना येतो. चूक होते ती गुणाकाराच्या आधी एकक न जुळवल्याने आणि गुणाकारानंतर चुकीच्या आकड्याने भागल्याने. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका : आधी माप, मग एकच एकक, मग घनमाप, मग घनमापाचं रूपांतर आणि सगळ्यात शेवटी वजन.

## टप्पा १ : तयारी

लागतं थोडंच. स्टीलची ५ मीटरची एक टेप, मोठ्या मापांसाठी ३० मीटरची एक, वही, पेन, कॅल्क्युलेटर, एक मजबूत बादली आणि घरातला वजनकाटा. कापडी टेप ताणली जाते, ती स्लॅबच्या मापाला वापरू नका. स्टीलच्या टेपच्या टोकाचा हूक वाकलेला असेल तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून माप धरा आणि आलेल्या मापातून १० वजा करा.

टेपच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असतात. मोजायला सुरुवात करण्याआधी कोणती कड वाचायची ते ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वाचा. लांबी फुटात, रुंदी मीटरमध्ये आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. संध्याकाळी त्यातला कोणता आकडा कशाचा होता, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

वहीत प्रत्येक मापाला चार रकाने करा : काय मोजलं, लांबी, रुंदी, उंची किंवा जाडी. आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय पुढच्या रकान्यात जाऊ नका.

सावध : फूट आणि इंच यांच्यामध्ये कधीही टिंब देऊ नका. ९ फूट ६ इंच हे ‘९.६’ असं लिहिलं की ते दशांश म्हणूनच वाचलं जातं. आडवी रेघ द्या किंवा सरळ शब्दांत ‘९ फूट ६ इंच’ लिहा. एक फूट दहा इंच तर ‘१.१०’ लिहिलं की कॅल्क्युलेटरला १.१ दिसतं. तुमचे पावणेनऊ इंच तिथेच गेले.

## टप्पा २ : माप घेणं

ट्रॉली किंवा ट्रकचा हौदा. आतून मोजा. बाहेरून मोजलं तर पत्र्याची आणि पट्ट्यांची जाडीही तुमच्या हिशेबात वाळू म्हणून येते. माल फावड्याने समतल करून घ्या. उंची फळीच्या वरच्या कडेपर्यंत न धरता माल जिथपर्यंत आहे तिथपर्यंत मोजा. मधोमध ढीग आणि कडेला खोलगट असेल तर सळई तळाला टेकवून पाच ठिकाणी उंची घ्या, चार कोपरे आणि मध्य, आणि सरासरी काढा.

या उंचीला फार महत्त्व आहे. वरच्या ट्रॉलीत माल फळीपेक्षा तीन इंच खाली असेल तर ९.५ × ५.७५ × ०.२५ म्हणजे जवळजवळ पावणेचौदा घनफूट कमी भरला. बाजूने पाहताना तीन इंच काहीच वाटत नाहीत.

जमिनीवरचा ढीग. शंकूसारखा गोल ढीग असेल तर त्याचा घेर टेपने मोजा, मधली उंची मोजा. घेराचा वर्ग × उंची ÷ ३७.७ हे त्याचं घनमाप. घेर ३२ फूट, उंची ३ फूट ६ इंच असेल तर १०२४ × ३.५ ÷ ३७.७ = ९५ घनफूट. हा अंदाज आहे. ढीग कधीच नीट शंकू नसतो, त्यामुळे बिल याच्यावर ठरवू नका. खरी मोजणी गाडीतच करायची, माल खाली ओतण्याआधी.

स्लॅब. लांबी-रुंदी सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लेटांवर मोजा, भिंतीच्या आतून नको. भिंतीवर टेकणारा भागही काँक्रीटच आहे. जाडी नकाशावरून घ्या आणि ओतण्याआधी कडेच्या फळीची उंची तीन-चार ठिकाणी मोजून ती नकाशाशी जुळते का बघा.

पाण्याची टाकी. प्लॅस्टर झाल्यावर आतून मोजा. पाण्याची उंची तळापासून ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत धरायची, झाकणापर्यंत धरायची नाही.

## टप्पा ३ : सगळी मापं एकाच एककात

एक तर सगळं फुटात घ्या, नाहीतर सगळं मीटरमध्ये. गावाकडे मिस्त्री, वाळूवाला, सेंट्रिंगवाला सगळे फुटात बोलतात, म्हणून मी आधी फूट घेतो. रेडीमिक्स, म्हणजे कारखान्यातून कालवून येणारं, काँक्रीट मागवायचं असेल तर शेवटी घनमीटर लागतात.

इंचाचे फूट करायला १२ ने भागायचं. हे आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा :

- १ इंच = ०.०८३ फूट
- २ इंच = ०.१६७
- ३ इंच = ०.२५ (पाव फूट)
- ४ इंच = ०.३३३
- ५ इंच = ०.४१७
- ६ इंच = ०.५ (अर्धा फूट)
- ७ इंच = ०.५८३
- ८ इंच = ०.६६७
- ९ इंच = ०.७५ (पाऊण फूट)
- १० इंच = ०.८३३
- ११ इंच = ०.९१७

आपल्या बोलण्यात पाव, अर्धा, पाऊण आधीपासून आहेत, त्यांचा उपयोग करा. ‘पावणेसहा फूट’ असं तोंडाने म्हटलं की हात आपोआप ५.७५ लिहितो. ‘पाच नऊ’ म्हटलं की ५.९ लिहिलं जातं. मी माप सांगणाऱ्या पोराला मुद्दाम पाव-पाऊणमध्ये सांगायला लावतो.

मीटरकडे जायचं असेल तर : १ इंच = २५.४ मिलिमीटर, १ फूट = ०.३०४८ मीटर, १ मीटर = ३.२८१ फूट. ‘एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट’ हे बोलायला ठीक आहे. पण घनमापात तीनदा गुणाकार होतो आणि तिथे ही एक टक्क्याची चूक तीन टक्के होते.

ताळा : गुणाकाराआधी वहीतली तिन्ही मापं पुन्हा वाचा. तिन्हींच्या पुढे एकच शब्द आहे का? एकही वेगळा असेल तर कॅल्क्युलेटर उचलू नका.

## टप्पा ४ : घनमाप काढणं

स्लॅब घेऊ. लांबी २० फूट ६ इंच, रुंदी १५ फूट ३ इंच, जाडी ५ इंच.

फुटात : २०.५ × १५.२५ × ०.४१६७.
आधी क्षेत्रफळ : २०.५ × १५.२५ = ३१२.६ चौरस फूट.
मग जाडी : ३१२.६ × ०.४१६७ = १३०.३ घनफूट.

जाडीचं रूपांतर करताना चार आकडे ठेवा. लांबीत इंचाचा शतांश इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. जाडी मुळातच लहान असते, तिथली छोटी चूक सगळ्या स्लॅबभर पसरते. ‘५ इंच म्हणजे अर्धा फूट धरू’ म्हणणाऱ्याचं उत्तर १५६ घनफूट येतं. म्हणजे २६ घनफूट काँक्रीट जास्त, सहा गोण्या सिमेंट जास्त.

बीम वेगळे मोजायचे. स्लॅबची जाडी एकदा हिशेबात आली आहे, म्हणून बीमची उंची स्लॅबच्या खालून धरायची. ९ इंच रुंद, स्लॅबखाली १ फूट उतरलेला, १५ फूट ३ इंच लांब बीम : ०.७५ × १ × १५.२५ = ११.४ घनफूट.

हे मी अनुभवाने शिकलो. गावाकडे मामांच्या घराचा स्लॅब होता आणि हिशेब माझ्याकडे होता. प्लेटांची लांबी-रुंदी दोनदा मोजली, जाडी नीट धरली, पण बीम मोजायचे राहिले. तीन बीम, मिळून ५६ फूट लांबी, ४२ घनफूट काँक्रीट, साडेनऊ गोण्या सिमेंट. संध्याकाळी पाच वाजता जिन्याकडचा कोपरा उघडा राहिला आणि तालुक्याचं दुकान बंद व्हायच्या आत गाडी पळवावी लागली. नवा माल येईपर्यंत आधीचं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं होतं. त्या सांध्यावरून पावसाळ्यात पाणी झिरपायचं, पुढे तिथे वॉटरप्रूफिंग करावं लागलं. तेव्हापासून वहीच्या पहिल्या ओळीत मी ‘बीम’ लिहितो आणि स्लॅब त्याच्या खाली.

ताळा : क्षेत्रफळ आधी मनात गोळाबेरीज करून बघा. वीस गुणिले पंधरा तीनशे. पाच इंच म्हणजे अर्ध्या फुटाला थोडं कमी, म्हणजे तीनशेच्या निम्म्यापेक्षा थोडं कमी, सव्वाशे-दीडशेच्या मधलं उत्तर यायला हवं. कॅल्क्युलेटरवर १३ किंवा १३०० आलं तर टिंब चुकलं.

## टप्पा ५ : घनमापाचं रूपांतर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लांबीचं रूपांतर एकदा करायचं, क्षेत्रफळाचं दोनदा, घनमापाचं तीनदा. एका फुटात १२ इंच असतात. पण एका चौरस फुटात १२ × १२ = १४४ चौरस इंच आणि एका घनफुटात १२ × १२ × १२ = १७२८ घनइंच. सुरुवातीच्या ट्रॉलीत १,७३,०५२ घनइंच होते. त्यांना १७२८ ने भागलं की १००.१ येतात.

मीटरचंही तसंच. ३.२८१ × ३.२८१ × ३.२८१ = ३५.३.

- १ घनमीटर = ३५.३१५ घनफूट
- १ घनमीटर = १००० लिटर
- १ घनफूट = २८.३२ लिटर
- १ ब्रास = १०० घनफूट = २.८३ घनमीटर

आपला स्लॅब : १३०.३ ÷ ३५.३१५ = ३.६९ घनमीटर.

ताळा : तोच स्लॅब दुसऱ्या वाटेने काढा. आधी मापं मीटरमध्ये : ६.२४८ × ४.६४८ × ०.१२७ = ३.६९. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं, म्हणजे रूपांतर बरोबर. ज्याने १३०.३ ला ३.२८१ ने भागलं त्याला ३९.७ घनमीटर मिळतात. रेडीमिक्सच्या गाडीत साधारण ६ घनमीटर माल येतो. एका खोलीच्या स्लॅबला सात गाड्या लागत असतील का, एवढा एक प्रश्न विचारला तरी चूक हाती लागते.

सावध : ब्रास दोन आहेत. वाळू, खडी, मुरूम, खोदाई यात ब्रास म्हणजे १०० घनफूट. गौण खनिजाची रॉयल्टी भरताना आणि वाहतुकीच्या परवान्यावर हाच ब्रास असतो. प्लॅस्टर, फरशी, रंग, सेंट्रिंग यांचा दर ब्रासवर सांगितला तर तो १०० चौरस फूट असतो. दर ठरवताना तोंडाने ‘शंभर चौरस फूट’ की ‘शंभर घनफूट’ ते म्हणवून घ्या आणि कागदावर लिहा.

## टप्पा ६ : घनमापावरून वजन

वजन = घनमाप × घनता. घनता म्हणजे एक घनमीटर माल किती किलो. दोन्हीकडे घनमीटरच हवा. घनफुटाला किलो प्रति घनमीटरने गुणलं तर उत्तर ३५ पट येतं.

पाण्याचं एक घनमीटर १००० किलो. सळई घातलेल्या काँक्रीटचं २५०० किलो धरतात. सुट्या सिमेंटचं १४४० किलो, म्हणून ५० किलोच्या गोणीत ३४.७ लिटर म्हणजे सव्वा घनफूट सिमेंट असतं. स्टीलचं ७८५० किलो.

आपला स्लॅब ३.६९ × २५०० = ९,२२५ किलो, म्हणजे सव्वानऊ टन. सेंट्रिंगच्या टेकूंवर ओतताना हे सगळं ओझं येतं, वर माणसं आणि यंत्र वेगळं. टेकूंमधलं अंतर वाढवून सामान वाचवायचा मोह होतो तेव्हा हा आकडा समोर ठेवा.

वाळू आणि खडीला मात्र एकच घनता नाही. कोरडी नदीची वाळू, क्रश सँड, बारीक कच, २० मिलिमीटरची खडी, प्रत्येकाची वेगळी, आणि दाबून भरली की आणखी वेगळी. एक ब्रास वाळू साधारण सव्वाचार ते पावणेपाच टन भरते. पण पुस्तकातला आकडा वापरण्यापेक्षा आपल्या मालाची घनता स्वतः काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

१. बादली रिकामी तोला. समजा ०.८ किलो.
२. काठोकाठ पाणी भरून तोला. समजा १५.६ किलो. फरक १४.८ किलो, म्हणजे बादलीत १४.८ लिटर मावतात. बादलीवर ‘१५ लिटर’ छापलेलं असतं त्यावर विसंबू नका.
३. बादली पुसून कोरडी करा. वाळू न दाबता, न ठोकता भरा आणि सळईने काठाला समतल करा. तोला. समजा २३.४ किलो. वाळू २२.६ किलो.
४. २२.६ ÷ १४.८ = १.५२७ किलो प्रति लिटर. म्हणजे १५२७ किलो प्रति घनमीटर.
५. एक ब्रास : २.८३ × १५२७ = ४,३२१ किलो.

मी हे प्रत्येक नव्या खेपेला तीनदा करतो आणि मधला आकडा धरतो. बादली ठोकली की वाळू दोन बोटं खाली बसते आणि तेवढ्याने आकडा बदलतो, म्हणून तिन्ही वेळा भरायची पद्धत एकच ठेवा.

सावध : ओली वाळू फुगते. वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसला की कण एकमेकांपासून दूर राहतात. चार-सहा टक्के ओलाव्याला घनमाप वीस-तीस टक्क्यांनी वाढतं. पूर्ण बुडवली तर वाळू परत खाली बसते. तपासायला काचेची सरळ बरणी घ्या, त्यात २० सेंटिमीटर उंचीपर्यंत ओली वाळू भरा. मग पाणी ओतून सळईने ढवळा आणि बसू द्या. वाळू १६ सेंटिमीटरवर आली तर फुगवटा (२० − १६) ÷ १६ = २५ टक्के. अशा मालाचे १०० घनफूट म्हणजे कोरडे ८० घनफूटच. दमट वाळू ब्रासवर घेतली की ग्राहकाचं नुकसान होतं. वजनावर घेतली तरी पाण्याचे पैसे जातात, पण ते चार-सहा टक्केच. पावसाळ्यात मी वजनावर घ्या म्हणतो.

## टप्पा ७ : काँक्रीटचे घटक

३.६९ घनमीटर हे ओतून घट्ट झालेलं काँक्रीट. कोरडा माल त्यापेक्षा जास्त लागतो, कारण खडीमधल्या पोकळीत वाळू शिरते आणि वाळूतल्या पोकळीत सिमेंट. म्हणून १.५४ ने गुणायचं. प्लॅस्टर-जुडाईच्या मालाला १.३३ धरतात.

एम २० या दर्जाच्या काँक्रीटचं सिमेंट, वाळू, खडी असं १ : १.५ : ३ प्रमाण घेऊ. तुमच्या इंजिनिअरने मिक्स डिझाइन दिलं असेल तर तेच वापरा, हे बाजूला ठेवा.

- कोरडा माल : ३.६९ × १.५४ = ५.६८ घनमीटर
- भागांची बेरीज : १ + १.५ + ३ = ५.५
- सिमेंट : ५.६८ ÷ ५.५ = १.०३३ घनमीटर × १४४० = १,४८८ किलो = २९.८ गोण्या
- वाळू : १.०३३ × १.५ = १.५५ घनमीटर = ५४.७ घनफूट
- खडी : १.०३३ × ३ = ३.१० घनमीटर = १०९.५ घनफूट

पाच टक्के वाया जाणार म्हणून ३२ गोण्या आणा. वाळू पाऊण ब्रास, खडी सव्वा ब्रास.

ताळा : या प्रमाणात एका घनमीटरला आठ गोण्या. ३.६९ ला साडेएकोणतीस. जवळ आलं.

साइटवर हे प्रमाण घमेल्याने बिघडतं. प्रत्येक घमेलं वेगळं आणि ‘शिगोशीग’ भरण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटरची लाकडी पेटी करून घ्या. तिच्यात बरोबर ३५ लिटर मावतात, म्हणजे एका सिमेंटच्या गोणीएवढं. एका गोणीला दीड पेटी वाळू आणि तीन पेट्या खडी, काठाला समतल करून. घमेलंच वापरायचं असेल तर त्यात किती लिटर पाणी मावतं ते बादलीने मोजा आणि त्यावरून घमेली ठरवा.

प्लॅस्टरला एकच गोष्ट लक्षात ठेवा : भिंत चौरस फुटात असते आणि जाडी मिलिमीटरमध्ये. १०० चौरस फूट भिंत = ९.२९ चौरस मीटर, जाडी १२ मिलिमीटर = ०.०१२ मीटर, घनमाप ०.१११ घनमीटर. यापुढे १.३३ ने गुणून, सिमेंट-वाळूच्या १ : ४ प्रमाणाला पाचाने भागायचं आणि १४४० ने गुणायचं. सिमेंट ४३ किलोच्या आसपास येतं. विटांच्या सांध्यांत आणि भिंतीच्या खाचखळग्यांत जाणारा माल याच्यावर.

## टप्पा ८ : सळईचं वजन

सळई किलोवर विकली जाते, साइटवर नगावर मोजली जाते. मधला दुवा एकच : व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. उत्तर किलो प्रति मीटर. सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ आणि ७८५० ही घनता एकत्र केली की हा १६२ येतो. लांबी फुटात असेल तर १६२ च्या जागी ५३२ घ्या.

१२ मीटरच्या एका सळईचं वजन :

- ८ मिलिमीटर : ०.३९५ × १२ = ४.७४ किलो
- १० मिलिमीटर : ०.६१७ × १२ = ७.४१ किलो
- १२ मिलिमीटर : ०.८८९ × १२ = १०.६७ किलो
- १६ मिलिमीटर : १.५८ × १२ = १८.९६ किलो

१२ मिलिमीटरचे २५ नग आणि ८ मिलिमीटरचे ६० नग म्हणजे २६७ + २८४ = ५५१ किलो.

सावध : सुताचं मिलिमीटर करू नका. दुकानात सळईला अडीच सूत, तीन सूत, चार सूत म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. त्या हिशेबाने चार सूत १२.७ मिलिमीटर येतं. पण दुकानदार चार सूत म्हणून देतो ती १२ मिलिमीटरची सळई. १२.७ चा वर्ग घेतला की वजन १२ टक्के जास्त निघतं आणि वजनात मारलं असं वाटायला लागतं. तीन सुताचं उलट : हिशेबाने ९.५, सळई १० मिलिमीटरची. सूत हे सळईचं नाव समजा आणि गणित सळईवर उमटवलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने करा.

ताळा : बरोबर एक मीटरचा तुकडा कापून घरच्या काट्यावर ठेवा. १२ मिलिमीटरचा ८८९ ग्रॅमच्या आसपास, ८ मिलिमीटरचा ३९५ च्या आसपास भरला पाहिजे. भारतीय मानक १७८६ प्रमाणे लॉटच्या वजनात १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ पर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे ३ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणून दोन-चार ग्रॅमवरून वाद नको. पण १२ चा तुकडा ८०० भरला तर माल परत करा. आणि ‘चाळीस फुटी’ सळई १२ मीटरची, म्हणजे ३९ फूट ४ इंचांची असते. तुकडे कापायचं गणित ४० वर बसवलं की शेवटचा तुकडा आखूड पडतो.

## टप्पा ९ : टाकी आणि विहीर

चौकोनी टाकी सोपी. ८ फूट × ५ फूट ६ इंच, पाणी ५ फूट ६ इंच : ८ × ५.५ × ५.५ = २४२ घनफूट × २८.३२ = ६,८५३ लिटर. पाण्याचं वजन तेवढेच किलो. गच्चीवर टाकी बांधायची असेल तर हे पावणेसात टनांपेक्षा जास्त ओझं आधी इंजिनिअरला सांगा.

गोल टाकी किंवा विहिरीत चूक होते ती व्यास आणि त्रिज्येत. व्यासाचा निम्मा करून त्याचा वर्ग, मग × ३.१४१६ × पाण्याची खोली. २० फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी : १० × १० × ३.१४१६ × १५ = ४,७१२ घनफूट, म्हणजे सुमारे १ लाख ३३ हजार लिटर. निम्मा करायला विसरलात तर चौपट. व्यास थेट मोजता येत नसेल तर कठड्याचा बाहेरचा घेर मोजून ३.१४१६ ने भागा आणि कठड्याची जाडी दोनदा वजा करा, दोन बाजूंची दोनदा. खोली दोरीला वजन बांधून मोजा, भिजलेल्या भागाची.

## टप्पा १० : काट्याच्या पावतीशी पडताळणी

वजनकाट्याच्या पावतीवर तीन आकडे असतात : भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालाचं वजन. रिकाम्या गाडीचं वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर केलेलं आहे का ते वेळ वाचून बघा. जुना आकडा टाकलेला असेल तर पुन्हा करायला सांगा. डिझेल, ड्रायव्हर, तळाला चिकटलेला चिखल यांनी फरक पडतो.

समजा मालाचं वजन ४,३१० किलो आहे. बादलीच्या चाचणीत १.५२७ किलो प्रति लिटर आलं होतं. ४,३१० ÷ १.५२७ = २,८२२ लिटर, ÷ २८.३२ = ९९.७ घनफूट. टेपने १००.१ आलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं दोन-तीन टक्क्यांच्या आत असली तर सही करा. दहा टक्क्यांचा फरक असेल तर आधी आपलीच वही तपासा, या क्रमाने : इंचाचं टिंब, मग आतलं-बाहेरचं माप, मग १७२८ किंवा ३५.३१५, मग वाळूचा ओलावा. तिथे काही सापडलं नाही तरच ट्रॉलीवाल्याशी बोला.

बादलीच्या बाजूला ऑइल पेंटने तिचं रिकामं वजन आणि लिटर लिहून ठेवा : ०.८ आणि १४.८. पुढच्या खेपेला दोन पायऱ्या वाचतील.